पाचवी पिन

त्या तीनशे बोर्डांना कुलूप लागलं नाही ते माझ्यामुळं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको. कंपनीच्या कागदावर त्याला 'प्रक्रियेतील विचलन' असं भारदस्त नाव दिलंय. विचलन कसलं डोंबलाचं? पाचव्या पिनेपाशी कुंकू होतं आणि ते मी स्वतःच्या बोटानं लावलं होतं.

मी राजश्री मगदूम. कुपवाडच्या एमआयडीसीत एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी बसले. आमच्याकडं जो बोर्ड तयार होतो तो तूरडाळीच्या दाण्याएवढा. तो येतो तेव्हा अगदी कोरा असतो. त्याच्यात अक्कल घालायची, ती नीट बसली का ते तपासायचं आणि पुढं सोडायचा, हे माझं काम. आता एवढ्याशा बोर्डाला वायर जोडणार कुठं? प्लग बसवायचा म्हटलं तर प्लगच बोर्डापेक्षा मोठा. म्हणून बोर्डाच्या पाठीवर सोन्याचे पाच ठिपके ठेवलेले असतात, खसखशीहून बारीक. खाली जिगमध्ये, म्हणजे बोर्ड धरून ठेवणाऱ्या साच्यात, पाच पिना उभ्या, केसासारख्या, प्रत्येकीच्या बुडाशी स्प्रिंग. बोर्ड खाचेत ठेवायचा आणि वरून दांडा दाबायचा. पाच पिना पाच ठिपक्यांना टेकतात आणि अकरा सेकंदांत कोऱ्या दाण्याला शहाणपण येतं. हिरवा दिवा लागला की दांडा वर, पुढचा बोर्ड खाचेत.

पहिली पिन वीज देते, दुसरी ती परत नेते. तिसरी आणि चौथीवरून यंत्र बोर्डाशी बोलतं. पाचवी कुलपाची. चौदाच्या चौदा चाचण्या पास झाल्या की पाचव्या पिनेतून विजेचा एक जोराचा झटका जातो आणि बोर्डाच्या आतला बारीकसा फ्यूज जळतो. त्यानंतर ते ठिपके म्हणजे नुसता धातू. कुणीही कसलीही पिन टेकवली तरी बोर्ड ओ देत नाही. बाहेरच्या माणसानं आत डोकावू नये म्हणून हे कुलूप, आणि त्याला किल्ली केलेलीच नाही.

हे बोर्ड कंठीत बसतात. कंठी म्हणजे गळ्यात घालायचा पट्टा. घशाच्या कॅन्सरमुळं ज्यांची स्वरपेटी काढून टाकलीय, त्यांच्यासाठी. पेटी गेली तरी मेंदूचा हुकूम थांबत नाही. माणूस बोलू पाहतो तेव्हा गळ्याचे नि जबड्याचे स्नायू सवयीनं हलतात आणि तिथं अगदी पुसट अशी वीज उमटते. पट्टा ती कातडीवरून टिपतो. बोर्ड त्यावरून ताडतो की या माणसाला काय म्हणायचंय, आणि जुन्या रेकॉर्डिंगवरून घेतलेल्या त्याच्याच आवाजात ते बोलून दाखवतो. सुरुवातीला दहातले चार शब्द चुकतात. रोजच्या वापरानं बोर्ड त्या एका माणसाला शिकत जातो, आणि दीड-दोन वर्षांत इतका सरावतो की चूक शोधून सापडत नाही. हे सगळं शिकलेलं त्या दाण्यातच राहतं. दुसऱ्या दाण्यात नेता येत नाही, कारण कुलूप.

माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात अशीच कंठी आहे. सदाशिव मगदूम, सगळे त्यांना तात्या म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या मैदानांवर पुकारा केला. पैलवान मातीत उतरायच्या आधी त्याचं गाव, वस्ताद, तालीम आणि मागच्या तीन कुस्त्या तात्यांच्या तोंडून लोकांना कळायच्या. गालात तंबाखू ठेवून बोलायची खोड, तिनं घात केला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पेटी काढली. माझे यजमान त्याच्या आधीच गेले होते. घरात सासरा आणि सून, आणि सासऱ्याच्या हातात पाटी-पेन्सिल, असे आम्ही दोन महिने काढले. ते दोन महिने मला आठवायचे नसतात. एवढा बोलका माणूस खिडकीपाशी बसून राहायचा आणि पाटीवर फक्त 'बास' एवढंच लिहायचा.

मग कंठी आली. पहिल्या महिन्यात त्यांनी 'चहा' म्हटलं की कंठी 'जा' म्हणायची आणि मी रागानं उठून जायचे. दुसऱ्या वर्षापासून मात्र तात्या मला तीन रस्त्यांच्या तिकटीवरून हाका मारायला लागले.

आता त्या कुंकवाचं सांगते. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा होते, सगळ्याच कारखान्यांत होते. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आणि पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला तेवढा एक दिवस विश्रांती. कुंकू पुसायचं तर नाहीच, ते झडेल तेव्हा झडेल. मी दरवर्षी जिगच्या झाकणावर टिळा लावायचे. त्या वर्षी तात्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि स्टाफच्या कोट्यातून त्यांना कंठी मिळणार होती. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी झाकण उघडून पिनांच्या पाटालाही ओलं बोट टेकवलं.

नारळ फुटला, पेढे वाटले, आम्ही बायका पर्सा उचलून निघालो, तेवढ्यात तेव्हाचे मॅनेजर आले. तातडीनं माल जायचाय, अर्धी शिफ्ट चालवा. आम्ही कुरकुर केली. पूजा झालीय साहेब, आज कशी चालवायची? साहेब म्हणाले, यंत्राला सणवार कळत नाही. आता मालकाच्या हुकमापुढं यंत्र चालवलं, पण देवाचं कुंकू पुसायला काही माझा हात धजला नाही. तसंच चालवलं. दिवे हिरवे लागत गेले. नियम असा की दर तीनशे दाबांनंतर पिनांवरून ब्रश फिरवायचा. तीनशे झाले, मी ब्रश फिरवला, कुंकू गेलं.

तोवर काय झालं होतं ते मला पुढं सात वर्षांनी उमगलं. पाटावर पाचवी पिन आणि दुसरी पिन शेजारीशेजारी. मधे ओलं कुंकू. साध्या विजेला त्यातून जाता येत नव्हतं, म्हणून चौदा चाचण्या बरोबर झाल्या. कुलपाचा जोराचा झटका आला तो मात्र बोर्डात न शिरता कुंकवातून आडवाटेनं दुसऱ्या पिनेत गेला. वीज गेली एवढंच यंत्राला कळलं. कुठून गेली, हे त्यानं विचारलं नाही. कुलूप खरंच लागलं का हे पुन्हा बघायची एक पायरी आधी होती, ती दोन सेकंद वाचवायला त्याच वर्षी काढून टाकली होती.

अशा तऱ्हेनं डी-२२०१ ते डी-२५०० हे तीनशे बोर्ड उघडे राहून जगात गेले, आणि त्यांतला एक तात्यांच्या गळ्यात आला.

सात वर्षांत कंपनी दोनदा विकली गेली. नव्या मालकांनी नवी कंठी काढली आणि जाहीर केलं की जुनीची सेवा एप्रिलअखेर संपेल. प्रत्येक बोर्डात एक मुदत असते. दर सहा महिन्यांनी कंपनी ती बिनतारी संदेशानं, हवेतूनच पुढं ढकलायची, आता ढकलणार नव्हती. मुदत संपली की कंठी गप्प. नवी घ्या, म्हणाले, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

तात्या एक्याऐंशीचे. औषधांनी आणि वयानं त्यांच्या गळ्याचे स्नायू सुकत आलेत. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की इतक्या क्षीण खुणांवरून नवा बोर्ड काही शिकू शकणार नाही. जुना ओळखतो, कारण तो यांच्याबरोबर म्हातारा झालाय. म्हणजे एप्रिलनंतर तात्यांना आवाज नाही, आणि पुन्हा कधी येणार नाही.

यात सगळ्यात नीच गोष्ट सांगू? मुदतीची आठवण कंठी रोज सकाळी करून द्यायची, आणि ती तात्यांच्याच आवाजात. 'सेवा समाप्तीला एकसष्ट दिवस शिल्लक.' पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. तात्या चहाचा कप धरून बसले होते, चेहरा लाल झाला होता.

"माझ्याच तोंडानं माझा दहावा घालायला लागल्यात व्हय गं हे?" ते म्हणाले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात श्रावणी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. श्रावणी आता प्लँटच्या प्रमुख. बारा वर्षांपूर्वी ही पोरगी कॉलेजातून शिकाऊ म्हणून आली तेव्हा पहिल्या दिवशी तिनं दांडा एवढ्या जोरात दाबला की तीन पिना वाकल्या. मी तिला दांडा कसा दाबायचा ते हात धरून शिकवलं आणि त्या तीन पिनांचा दोष माझ्या नावावर घेतला. मला अजून ती ताई म्हणते, आणि मी तिला लोकांसमोर मॅडम, दोघीच असताना श्रावणी.

"ताई, सोलापूरच्या एका माणसानं त्याच्या आईची कंठी उघडली," तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. "बोर्डानं उत्तर दिलं. त्यानं मुदत स्वतःच वाढवून घेतली आणि कसं केलं ते सगळ्यांना दाखवून ठेवलं. असे किती बोर्ड आहेत ते आम्ही काढलं. एकाच दिवसाचे, तीनशे. तुमच्या टेबलावरचे."

मी तारीख बघितली. खंडेनवमी. माझ्या बोटाला तो ओलेपणा पुन्हा जाणवला आणि सगळं एका क्षणात उमगलं.

"कारण मला नको," श्रावणी म्हणाली. "मला सही हवीय." तिनं कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं की या लॉटच्या चाचणीत त्रुटी राहिली, बोर्ड असुरक्षित आहेत, गळ्याला इजा होऊ शकते, सबब ते तातडीनं परत घ्यावेत. खाली लाइन इन-चार्ज म्हणून माझं नाव.

"इजा कसली होते?" मी विचारलं.

ती कागदाकडं बघत म्हणाली, "अंगावरचं उपकरण धोका असल्याशिवाय परत मागता येत नाही ताई, कायदा आहे. आणि धोका आहे असं चाचणी करणाऱ्यानंच लिहून द्यावं लागतं."

"आणि परत घेऊन काय करणार?"

"नष्ट."

मी कागद तिच्याकडं सरकवला. तिनं तो परत माझ्याकडं सरकवला आणि आवाज खाली आणला. "तात्यांची कंठी त्याच लॉटमधली आहे, मी बघितलंय. सही करा. तात्यांचा बोर्ड मी अपवाद म्हणून चालू ठेवून घेते, वरून लेखी आणलंय. ते असेपर्यंत. ताई, मी याच्यासाठी भांडलेय."

भांडली असणार. ती खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी दोन दिवस मागून घेतले.

घरी आले. खरं सांगते, बसमध्ये मी सही करायचं ठरवून टाकलं होतं. कोण कुठले दोनशे नव्व्याण्णव लोक? मी त्यांना बघितलेलं नाही, त्यांनी मला बघितलेलं नाही. तात्यांना मी रोज बघते. पुन्हा ती पाटी, पुन्हा ती खिडकी, मला सोसणारच नव्हतं.

तात्यांना सगळं सांगितलं, कुंकवापासून. ते आधी हसले. कंठीतून हसू येत नाही, नुसते खांदे हलतात. खांदे बराच वेळ हलत होते.

"म्हंजे देवानंच कुलूप लावू दिलं न्हाई म्हण की."

"देवानं नाही, माझ्या बोटानं. तात्या, सही करू का सांगा."

पट्ट्याखाली त्यांच्या गळ्याची शीर हलत होती, पण शब्द येत नव्हता. मग आला.

"तू त्या कागदावर काय लिहून देनार? माझं काम वाईट हाय, असंच का न्हाई?"

"हो."

"वाईट हाय?"

"नाही," मी म्हटलं. "चौदाच्या चौदा पास होते. एकोणीस वर्षांत माझ्या हाताखालून वाईट बोर्ड गेलेला नाही."

"मग खोटी हार कशापायी लिहून द्यायची? चाळीस वर्षं मी मैदानं बघितली. पैसं घिऊन पाठ टेकलेलं पैलवान बघितलं. लोकास्नी कळतंय पोरी. दुसऱ्या दिवशी तालमीत त्येच्यासंगं कुनी जोर काढत न्हाई." ते जरा दमले. "आणि लोकांची तोंडं बांधून मी बोलू? काय बोलू? रामराम बरं हाय का?"

"तुमचा आवाज जाईल तात्या."

"जाईल तर जाईल. त्यो दिवस येऊ दे की. आत्ता हाय न्हवं?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यात तोंड घालून रडले, त्यांना ऐकू नये म्हणून. नंतर भाकरी थापल्या.

दोन दिवसांनी मी श्रावणीच्या टेबलावर तोच फॉर्म भरून ठेवला. 'दोषाचे कारण' या रकान्यात लिहिलं: खंडेनवमीच्या पूजेचं ओलं कुंकू पाचव्या व दुसऱ्या पिनेच्या मधे राहिलं. पूजेनंतर त्या दिवशी यंत्र चालवायला लावलं. कुंकू मी लावलं, मी पुसलं नाही. त्यामुळं कुलूप लागलं नाही. 'धोका' या रकान्यात लिहिलं: वापरणाऱ्याला कसलाही नाही. आणि खाली ठसठशीत सही केली.

श्रावणीनं ते दोनदा वाचलं. "ताई, हे वर पाठवलं तर उद्या तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत."

"पाठव."

"तात्यांचं काय?"

"त्यांनीच सांगितलंय."

पुढं मला कळलं की तिनं माझा कागद एक अक्षर न बदलता वर पाठवला, आणि वरून 'दुसरा लिहून घ्या' असं आलं तेव्हा 'हाच आहे' एवढंच उत्तर दिलं. मला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं. एकोणीस वर्षांचं ओळखपत्र तिथल्या एका यंत्रानं रेकॉर्ड केलेल्या आवाजात मागून काढून घेतलं. निरोप द्यायलाही माणूस नव्हता.

आता फक्त एक रस्ता उरला होता. माझ्याकडं जिग होती. नव्या कंठीसाठी लाइन स्वयंचलित झाली तेव्हा हातानं दाबायच्या जुन्या जिगा भंगारात काढल्या. त्यांतली माझी मी रीतसर गेटपास करून घरी आणली होती, तिच्याबरोबरचा जुना लॅपटॉपही. गेटपास मी जपून ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर दाखवते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कॉटवर स्वच्छ पंचा अंथरला. तात्यांनी स्वतःच्या हातानं कंठी काढून दिली. ती काढली की ते मुके. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे चल.

पट्ट्याची शिवण उसवून मी बोर्ड काढला. सात वर्षांचा घाम. सोन्याचे ठिपके काळपट पडले होते. खाचेत ठेवला, दांडा दाबला. लाल दिवा. ठिपके स्पिरिटनं पुसले, पुन्हा दाबला. लाल. जास्त जोर दिला तर दाणा तडकणार आणि तात्यांचा आवाज त्याच्याबरोबर. कमी दिला तर पिना मळाच्या आत शिरणार नाहीत. एकोणीस वर्षांत हजारो दाब दिले असतील, पण त्या बोर्डांत कुणी माणूस नव्हतं.

तात्या उठून माझ्या मागं आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं. हात मात्र जड होता, पैलवानी.

मी मऊ खोडरबरानं एकेक ठिपका घासला, भिंग लावून, अर्धा तास. मग दांडा हळूच खाली आणला आणि पिना टेकल्यावर किंचित थांबून आणखी एक केसभर दाबला. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. बोर्ड बोलत होता. डी-२२८८, मुदत एप्रिल तीस, शिकलेले शब्द एकतीस हजार सहाशे.

सगळ्यांत आधी मी त्या शिकलेल्याची नक्कल करून घेतली. मग मुदतीच्या जागी सगळे नऊ टाकले. आणि मुदतीची ती सकाळची घोषणा शोधून पुसून टाकली, ते करताना मला जे समाधान मिळालं ते कशातच मिळालेलं नाही.

कंठी शिवून तात्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी दोनदा गळा हलवला.

"उंद्या मैदान हाय बुधगावला," ते म्हणाले. "माझा फेटा काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारला आखाड्याभोवती आठ-दहा हजार लोक होते. आजूबाजूच्या मोबाइलवरून आणखी किती बघत होते कोण जाणे. वयामुळं तात्या आता फक्त शेवटची मानाची कुस्ती पुकारतात. हलगी थांबली. दोन्ही पैलवान माती अंगाला चोळत उभे. तात्यांनी माइक हातात घेतला, तो कंठीपाशी धरला.

"कुस्तीशौकीन मंडळी, जोड लावायच्या आधी एक पुकारा ऐकून घ्या," त्यांचा आवाज भोंग्यांतून चारी बाजूंनी आला. "ही कंठी. हिच्या मालकानं सांगितलंय, एप्रिलनंतर म्हातारा बोलनार न्हाई. आमची सून राजश्री, एकोणीस वर्षं त्येंच्याकडं चाकरी केल्याली, तिनं काल माझ्या दुपारच्या वामकुक्षीच्या टायमाला मालकाला चितपट केलंय. पाठ टेकवून, समद्यांच्या साक्षीनं. डी बावीसशे एक ते डी पंचवीसशे. पट्ट्याच्या आत नंबर असतुया, बघून घ्या. त्या तीनशे मानसांनी कंठी परत द्यायची न्हाई. धोका हाय म्हनतील, खोटं हाय. कुपवाडात विठ्ठल मंदिराम्होरं मगदुमांचं घर. दार उघडं हाय. राजश्री दुरुस्त करून दील, आणि हात लावायला कोन येतंय ते मी बघतो."

मी बायकांच्या बाजूला बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, ही राजश्री कोण हो? मी म्हटलं, मीच. तिनं माझा हात धरला तो कुस्ती संपेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर कंपनीची नोटीस आली, दुसरीही आली. तिसरी आली तेव्हा तात्यांनी ती आणणाऱ्याला बसवून चहा पाजला आणि दीड तास कुस्तीचा इतिहास ऐकवला. या मधल्या काळात लोक येत होते. निपाणीचा एक सोनार, पहिला. मग जतहून एक पोरगी वडलांना घेऊन. सोलापूरचा तो माणूस स्वतःची जिग घेऊन आला आणि आम्ही दोन टेबलं लावली. पंधरा दिवसांत मी सेहेचाळीस बोर्ड उघडले. एकही तडकला नाही, हे मला लिहून ठेवायचंय.

पण या कंठ्या एकूण अकरा हजार आहेत. उरलेल्या दहा हजार सातशेंना कुलूप आहे आणि ते मीच लावलंय, याच हातांनी, हिरवा दिवा बघून. त्यांतलेही काही यायचे. नंबर वाचला की मला सांगावं लागायचं. एक म्हातारे गृहस्थ दारातूनच वळले, त्यांची पाठ मला अजून दिसते. मी तात्यांना म्हटलं, आता दार लावून घेऊ या, हे मला जमत नाही. तात्या म्हणाले, दाराला हात लावलास तर बघ.

तेरा एप्रिलला सकाळी सहाच्या सुमारास एक बाई आल्या. साठीच्या, नऊवारी, पायांत बूट. शकुंतला ऐवळे, नाव सांगितलं. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होत्या. आवाज असा की बसच्या मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून बसावा. मी कंठी हातात घेतली, पट्टा उलटा केला. एफ-७०१४.

"बाई, माफ करा," मी म्हटलं. "हा त्या तीनशेतला नाही. याला कुलूप आहे. मला काहीच करता येणार नाही."

मी कंठी त्यांना परत दिली. त्यांनी ती शांतपणे गळ्यात चढवली, हुक लावला.

"ते मला ठाव हाय. नंबर ऐकला होता मी मैदानावरचा, मोबाइलवर."

"मग इतक्या लांबून कशाला आलात?"

"अजून सतरा दिवस बोलता येतंय मला," शकुंतलाबाई म्हणाल्या. "ते काय घरात बसून आमटीत मीठ कमी हाय म्हनन्यात घालवू? मुदत वाढवायची अक्कल हाय कंपनीवाल्यांकडं, इच्छा न्हाई. मग त्येंच्या तोंडावर जाऊन बोलाय नको? तुमी मशीनचं बघा, मी तोंडाचं बघते. आमच्या एफवाल्यांतले चाळीसजण स्टँडवर उभं केल्यात, त्येंचंबी सतराच दिवस हायत. कुठं जायाचं तेवढं सांगा."

तात्या आतून फेटा बांधतच बाहेर आले. मी लॅपटॉप मिटला.

"कंपनीचं गेट आठला उघडतं," मी म्हटलं.

"मग साडेसातलाच जाऊ," बाई म्हणाल्या.